खोली नंबर ४०
(द्वितीय वर्ष, कला)

हेर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बहिर्जी नाईक उभा राहतो. वेष पालटून शत्रूच्या मुलखात शिरणारा, बाजारात गप्पा मारता मारता किल्ल्याची बित्तंबातमी काढणारा. नौदलाच्या हेरगिरीविषयी वाचावयास घेतले तेव्हा माझ्याही मनात असेच काहीसे चित्र होते : अंधारात बंदरात शिरणारी होडी, कंदिलाची खूण, धक्क्यावर कुजबुजणारी माणसे. पुस्तके चाळू लागलो तसे हे चित्र पुसट होत गेले. त्याच्या जागी दिसू लागली ती एक खोली, कागदांचे ढीग आणि त्यांवर वाकून बसलेले काही शाळामास्तर.

इतिहास मंडळाच्या बैठकीत प्रत्येकाने एक निबंध वाचावा असे ठरले, तेव्हा मी हा विषय घेतला. माझे वडील मासेमारी करतात, आजोबाही करीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. समुद्राशी संबंध असलेला विषय घेतला तर सुट्टीत घरी गेल्यावर सांगता येईल, एवढाच माझा हेतू होता. निबंध वाचून झाला. सरांनी एकच प्रश्न विचारला, "हे सगळे ठीक आहे. पण यात तुमच्या बंदराचे काय?" मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न होय.

प्रथम गुप्तवार्ता म्हणजे काय ते पाहू. नुसती चोरून मिळवलेली बातमी म्हणजे गुप्तवार्ता नव्हे. तिच्यात तीन कामे येतात. पहिले, बातमी मिळवणे. दुसरे, तिचा अर्थ लावणे. तिसरे, ती ज्याच्या उपयोगाची आहे त्याच्या हाती वेळेवर आणि त्याचा विश्वास बसेल अशा रीतीने पोचवणे. पहिल्या कामावर कादंबऱ्या निघतात, दुसऱ्यावर क्वचित कोणी लिहितो, आणि तिसऱ्याकडे कोणाचेच लक्ष नसते. माझ्या मते मात्र जहाजे बुडतात ती बहुधा तिसऱ्या कामात झालेल्या चुकीमुळे.

जमिनीवर सैन्य गेले की मागे वाट उरते. चुली दिसतात, तुडवलेली शेते दिसतात, गावकरी सांगतात. समुद्रावर यातले काहीच नसते. आरमार गेले की पाणी पुन्हा सारखे. म्हणून शिडांच्या काळापासून समुद्रावरची बातमी व्यापारी, परदेशातील वकील आणि मच्छीमार यांच्याकडूनच येत असे. तिची नीट नोंद ठेवणारे कायमचे कार्यालय मात्र फार उशिरा निघाले. अमेरिकेच्या नौदलाने १८८२ साली असे कार्यालय स्थापन केले. त्याच वर्षी ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीने, म्हणजे नौदलाच्या मुख्य कचेरीने, परदेशी आरमारांची माहिती गोळा करण्यासाठी एक समिती नेमली आणि १८८७ मध्ये तिचाच विस्तार होऊन नौदल गुप्तवार्ता विभाग अस्तित्वात आला. कोणाकडे किती जहाजे, त्यांवर किती इंची तोफा, कोळसा कोठे भरतात, बंदराची खोली किती, हे त्याचे काम. एका अर्थी ती खतावणीच होती.

बिनतारी तारायंत्र आले आणि हे सगळे पालटले. आता भर समुद्रातल्या जहाजाला किनाऱ्यावरून हुकूम देता येऊ लागला. पण हवेतून जाणारा संदेश ज्याच्यासाठी आहे त्यालाच ऐकू जातो असे नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे तो प्रत्येक जण ऐकतो. तेव्हा संदेश सांकेतिक भाषेत पाठवणे भाग पडले आणि ती भाषा उलगडणाऱ्यांची गरज निर्माण झाली.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंड युद्धात उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ५ ऑगस्टला पहाटे, 'अलर्ट' नावाच्या एका ब्रिटिश जहाजाने समुद्रतळावरच्या जर्मन तारा तोडून टाकल्या. परिणाम असा झाला की दूरदेशी बोलायचे तर जर्मनीला बिनतारी संदेशांचा किंवा दुसऱ्यांच्या तारांचा आश्रय घ्यावा लागला. इकडे इंग्लंडच्या किनाऱ्यावरील केंद्रांत जर्मन संदेशांचे कागद साचू लागले. ते वाचायचे कोणी ? गुप्तवार्ता विभागाचे त्या वेळचे प्रमुख हेन्री ऑलिव्हर यांनी हे काम सर आल्फ्रेड युइंग यांच्याकडे सोपवले. युइंग हे नौदलाच्या शिक्षण खात्याचे संचालक. त्यांनी नौदलाच्या विद्यालयांतून जर्मन शिकवणारे शिक्षक बोलावले. अ‍ॅलेस्टर डेनिस्टन हे त्यांपैकीच एक. पुढे डिली नॉक्स आले; त्यांचा मूळ उद्योग म्हणजे हेरोदास या प्राचीन ग्रीक कवीच्या फाटक्यातुटक्या हस्तलिखितांतून शब्द जुळवणे. विल्यम माँटगोमेरी हे धर्मशास्त्राचे अभ्यासक आले, नायजेल द ग्रे हे प्रकाशन व्यवसायातले आले. अ‍ॅडमिरल्टीच्या जुन्या इमारतीत या मंडळींना जी खोली मिळाली तिचा क्रमांक होता ४०. पुढे मंडळी वाढली, खोल्या वाढल्या, पण नाव तेच राहिले.

कला शाखेला येऊन काय होणार, असे आमच्या गावात मला पुष्कळांनी विचारले आहे. खोली नंबर ४० मधली ही नावे वाचताना मला त्या सर्वांची आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु नुसत्या विद्वत्तेवर हे काम झाले नसते. नशिबाने तीन संकेतपुस्तके त्यांच्या हाती लागली. २६ ऑगस्ट १९१४ रोजी 'माग्डेबुर्ग' ही जर्मन क्रूझर फिनलंडच्या आखाताच्या तोंडाशी एका बेटावर चढून रुतली. रशियनांनी तिच्यावरची संकेतपुस्तके मिळवली आणि त्यांतील एक प्रत ब्रिटनला दिली. ती ऑक्टोबरात लंडनला पोचली. दुसरे पुस्तक ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ पकडलेल्या 'होबार्ट' या जर्मन व्यापारी जहाजावर मिळाले. तिसऱ्याची हकीकत आम्हा मासेमारी करणाऱ्यांना विशेष जवळची आहे. १७ ऑक्टोबरला टेक्सेल बेटाजवळ चार जर्मन टॉर्पेडो नौका बुडाल्या. बुडताना त्यांतील एकीवरची कागदपत्रांची शिशाची पेटी समुद्रात टाकून देण्यात आली. शत्रूच्या हाती पुस्तक लागू नये म्हणून शिसे जड असते. ३० नोव्हेंबरला एका ब्रिटिश ट्रॉलरने नेहमीप्रमाणे जाळे ओढले आणि मासळीबरोबर ती पेटी वर आली ! खोली नंबर ४० मधले लोक या घटनेला बायबलमधल्या मासे सापडण्याच्या चमत्काराचे नाव देत. हे मी घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "जाळ्यात काय येईल ते तांडेलाच्या हातात नसतं. पण आलेलं टाकून द्यायचं नाही, एवढं असतं."

पुस्तके मिळाली तरी अर्थ लागेनाच. मास्तरांना जर्मन येत होते, पण जहाजाची भाषा येत नव्हती. नांगर, वळण, कवायत, सुरुंगांची वाट यांचे शब्द ते शब्दकोशाप्रमाणे लावीत आणि नौदलाचे अधिकारी हसत. तेव्हा नोव्हेंबर १९१४ मध्ये हर्बर्ट होप या नौदल अधिकाऱ्याला त्यांच्याबरोबर बसवण्यात आले. कोणते जहाज कोठे आहे, असा हुकूम निघाला म्हणजे पुढे काय होणार, हे होप सांगू लागला. भाषा जाणणारा आणि समुद्र जाणणारा एका टेबलाशी बसले तेव्हा कोठे बातमीला अर्थ आला.

त्याच महिन्यात गुप्तवार्ता विभागाची सूत्रे रेजिनाल्ड हॉल यांच्याकडे आली. १८८७ साली विभाग निघाला तेव्हाचे त्याचे पहिले प्रमुख विल्यम हॉल हे त्यांचे वडील. डोळ्यांची सतत उघडझाप करण्याच्या सवयीमुळे त्यांना 'ब्लिंकर' म्हणत.

फळ लवकरच दिसले. २४ जानेवारी १९१५ रोजी डॉगर बँक या मासेमारीच्या उथळ भागात जर्मन नौका आल्या तेव्हा ब्रिटिश नौका त्यांची वाटच पाहत होत्या. जर्मनांची 'ब्लूखर' ही नौका बुडाली. गंमत अशी की डॉगर बँकेवरच्या मच्छीमार होड्याच आपली बातमी इंग्रजांना देतात, असा जर्मन अधिकाऱ्यांचा संशय होता आणि त्यांना हुसकावणे हा त्या फेरीचा एक हेतू होता. फितुरी होड्यांची नव्हती. त्यांच्याच संकेतपुस्तकाची होती.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. आता जटलंडकडे वळू.

बातमी बाहेर फुटू नये म्हणून खोली नंबर ४० भोवती गुप्ततेची अशी काही भिंत उभी केली होती की आतल्या माणसांना आरमाराला थेट एक ओळही पाठवता येत नसे. त्यांनी उलगडलेला संदेश मोजक्या वरिष्ठांकडे जाई. त्यातले काय कळवायचे, कोणत्या शब्दांत कळवायचे, हे ते वरिष्ठ ठरवीत. युद्धसंचालनाचे प्रमुख कॅप्टन टॉमस जॅक्सन यांना तर या बिगरलष्करी मंडळींचा तिटकाराच होता. ते या खोलीत क्वचितच फिरकत, आणि एकदा आले ते संदेशांच्या लाल पेटीने हात कापला अशी तक्रार करायला, असे तेथे काम केलेल्या एकाने नमूद करून ठेवले आहे.

मे १९१६ च्या अखेरीस जर्मन आरमार बाहेर पडण्याच्या बेतात आहे हे खोली नंबर ४० ने ओळखले. त्यावरून अ‍ॅडमिरल जेलिको यांचे प्रचंड आरमार ३० मेच्या रात्रीच निघाले. जर्मनांनी नांगर उचलण्याच्याही आधी! बातमीने याहून मोठे काम ते काय करायचे ? पण दुसऱ्या दिवशी, ३१ मेला, दुपारच्या सुमारास जॅक्सन त्या खोलीत आले आणि त्यांनी विचारले, "डीके ही खूण कोठून ऐकू येते ?" डीके ही जर्मन सरसेनापती शेअर यांच्या नौकेची बिनतारी खूण. उत्तर मिळाले, "याडे खाडीतून," म्हणजे त्यांच्या स्वतःच्या बंदरातून. जॅक्सन माघारी गेले आणि जेलिकोंना तार गेली की शत्रूचे मुख्य आरमार अद्याप बंदरातच आहे.

उत्तर अगदी खरे होते, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष अगदी चुकीचा होता. शेअर समुद्रावर निघाले की आपली खूण किनाऱ्यावरच्या केंद्राला देत आणि स्वतः दुसरी वापरीत. हे त्या खोलीतल्या लोकांना ठाऊक होते. "शेअर कोठे आहेत ?" असे विचारले असते तर त्यांनी क्षणात सांगितले असते की ते समुद्रावर आहेत. पण विचारले गेले ते खुणेविषयी. कशासाठी विचारता, हे मास्तरांनी विचारले नाही. विचारण्याचा त्यांना अधिकार नव्हता. कशासाठी हवे, हे कॅप्टनने सांगितले नाही; सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

शत्रू बंदरातच आहे म्हटल्यावर जेलिको कोळसा वाचवीत सावकाश येत राहिले. जेमतेम चार तासांनी, पावणेपाचच्या सुमारास, पुढच्या नौकांनी कळवले की संपूर्ण जर्मन आरमार समोर दिसते आहे. अ‍ॅडमिरल्टीच्या बातमीवर जेलिकोंचा विश्वास त्या क्षणी उडाला.

खरे नुकसान झाले ते रात्री. संध्याकाळच्या गोळाफेकीनंतर अंधार पडला. शेअर यांना पहाटेपूर्वी घर गाठायचे होते. ते कोणत्या वाटेने जाणार, हाच प्रश्न होता. रात्री दहाच्या सुमारास जेलिकोंना एक तार पाठवली गेली. तिच्यात जर्मन आरमाराच्या पिछाडीची जागा दिली होती. ती जागा चुकीची होती, हे जेलिकोंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरून कळत होते. चूक खोली नंबर ४० ची नव्हती. ज्या जर्मन नौकेने ती जागा कळवली होती तिचाच हिशेब चुकला होता. त्यानंतर पाऊण तासाने दुसरी तार निघाली. तिच्यात शेअर यांची दिशा आणि वेग होता आणि ही माहिती बरोबर होती. नकाशावर रेघ ओढली असती तर ती हॉर्न्स रीफकडे गेली असती. जेलिकोंनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. दुपारची बातमी खोटी, दहाची खोटी. तिसरी खरी कशावरून?

याहून वाईट म्हणजे, पहाटे हॉर्न्स रीफवर टेहळणीसाठी वायुजहाज पाठवा, अशी शेअर यांची मागणी खोली नंबर ४० ने रात्री दहाच्या सुमारासच उलगडून वर दिली होती. हिच्यावरून संशयाला जागाच राहिली नसती. ती जेलिकोंकडे पाठवलीच गेली नाही. सकाळ झाली तेव्हा समुद्र रिकामा होता. त्या एका दिवसात आणि रात्रीत ब्रिटिशांची १४ जहाजे आणि ६,०९४ माणसे गेली, जर्मनांची ११ जहाजे आणि २,५५१ माणसे गेली. जर्मन आरमार त्याच वाटेने सुखरूप घरी पोचले.

या लढाईत बातमी मिळवण्याचे काम उत्तम झाले, अर्थ लावण्याचे कामही झाले. तिसरे काम झाले नाही. शिवाय तिसरे काम बिघडले की त्याचा दोष पुढच्या खऱ्या बातमीलाही चिकटतो, ही गोष्ट येथे प्रथम माझ्या ध्यानात आली.

याच खोलीने पुढे जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार पकडली. तिच्यात मेक्सिकोला युद्धात ओढण्यासाठी टेक्सास, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोना यांचे आमिष दाखवले होते. या वेळी मात्र हॉल यांनी 'पोचवण्या'वर सर्वांत जास्त डोके चालवले. आपण तारा वाचतो हे उघड होऊ नये म्हणून त्यांनी त्याच तारेची दुसरी प्रत मेक्सिकोतून मिळवली आणि मग ती अमेरिकेच्या हाती दिली. मार्चमध्ये ती छापून आली, ६ एप्रिल १९१७ ला अमेरिका युद्धात उतरली. त्याच वर्षी खोली नंबर ४० रीतसर गुप्तवार्ता विभागात आणली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, १९३७ पासून, नॉर्मन डेनिंग यांनी अशी व्यवस्था उभारली की बातमीचा अर्थ लावणारे आणि जहाजांना हुकूम देणारे एकमेकांशी थेट बोलू शकतील. तेथे जर्मन पाणबुड्यांचा माग ठेवणाऱ्या खोलीचा प्रमुख रॉजर विन हा पोलिओने अधू झालेला एक बॅरिस्टर होता. १९१६ साली ज्या प्रकारच्या माणसाला प्रश्न विचारण्याचाही अधिकार नव्हता, त्या प्रकारच्या माणसाच्या सल्ल्याने आता जहाजांचे तांडे वाट बदलू लागले.

जटलंडच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे मिडवे. मे १९४२ मध्ये पर्ल हार्बर येथे जोसेफ रोशफोर्ट आणि त्यांचे सहकारी जपानी नौदलाचे संदेश उलगडत होते. मोठा हल्ला होणार हे कळले होते, आणि तो 'एएफ' या ठिकाणी होणार हेही. पण एएफ म्हणजे कोणते ठिकाण ? रोशफोर्ट यांचे मत मिडवे बेट असे होते, वॉशिंग्टनला ते पटत नव्हते. तेव्हा त्यांच्यातल्या जॅस्पर होम्स यांच्या कल्पनेवरून मिडवेला गुप्तपणे कळवण्यात आले की, आमच्याकडचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बिघडले आहे असा साध्या भाषेतला संदेश पाठवा. थोड्याच वेळात जपान्यांचा सांकेतिक संदेश पकडला गेला : एएफ येथे गोड्या पाण्याची टंचाई आहे ! कोड्याचे उत्तर शत्रूनेच दिले. जॅक्सन यांनी मित्रांना चुकीचा प्रश्न विचारला होता. होम्स यांनी शत्रूला अचूक प्रश्न विचारला.

आणि बातमी पोचली कशी ? सरसेनापती निमिट्झ यांचे गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन यांनी त्यांच्यासमोर उभे राहून दिवस, वेळ, दिशा आणि अंतर सांगितले. ४ जूनला जपानी विमाने दिसली तेव्हा हा अंदाज पाच मिनिटे, पाच अंश आणि पाच मैल यांनीच चुकला होता, असे निमिट्झ यांनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या, अमेरिकेची एक. ज्यांच्यामुळे हे घडले त्या रोशफोर्ट यांना मात्र त्याच वर्षी तेथून हलवण्यात आले. त्यांना मानाचे पदक मिळाले ते १९८६ साली, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

आपल्या देशाच्या इतिहासातही असे प्रसंग आहेत. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी कराचीहून निघाली. आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' हे तिचे सावज. व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानकडे हलवले आणि 'राजपूत' या जुन्या विनाशिकेला विशाखापट्टणममध्ये विक्रांतचे सोंग दिले. बिनतारी संदेशांची गर्दी केली, मोठ्या जहाजाला लागेल एवढ्या शिधासामानाची मागणी बाजारात नोंदवली. इकडे चितगावला एका विशिष्ट वंगण तेलाची चौकशी करणारा संदेश पकडला गेला. ते तेल पाणबुड्यांनाच लागते, त्यावरून पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली आहे हे ओळखले. ३ डिसेंबरच्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. राजपूतने टाकलेल्या पाणसुरुंगांनी बुडाली की तिच्या स्वतःच्या सुरुंगाने, याविषयी दोन मते आहेत. ती फसून तेथे आली, याविषयी मात्र शंका नाही. पण त्याच युद्धात पश्चिमेकडे, दीवजवळ पाणबुडी आहे ही बातमी असूनही आणि तिच्या शोधासाठीच गेलेली असूनही 'खुकरी' ९ डिसेंबरला बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. बातमी असली म्हणजे जय ठरलेलाच, असे कोणी समजू नये म्हणून हे सांगितले.

आता सरांच्या प्रश्नाकडे वळतो.

मी दहावीत होतो. दिवाळीनंतरचे दिवस होते. त्या मोसमात दोन वेळा बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. दोन्ही वेळा होड्या अर्ध्या वाटेतून फिरल्या. डिझेल, बर्फ, खलाशांचा खर्च अंगावर पडला आणि वारा काही आला नाही. तिसऱ्या वेळी सूचना आली तेव्हा माझे वडील आणि काका वेगवेगळ्या होड्यांवर समुद्रात होते. दोघांनाही वायरलेसवर निरोप गेला. निरोप एवढाच : वादळ आहे, परत या. कोठे आहे, केव्हा येणार, किती जोराचे, काही नाही. वडिलांचे जाळे आदल्या रात्री फाटले होते म्हणून ते परत फिरले. काका म्हणाले, "मागच्या दोन टायमाला काय झालं ? नुसतं डिझेल जाळलं. एवढी एक ओढ घेऊन येतो."

होडी त्या रात्री गेली. रिकाम्या कॅनांना धरून पाच जण पहाटेपर्यंत तरंगले, दुसऱ्या होडीने त्यांना उचलले. सहावा मिळाला नाही. तो नेपाळहून आलेला खलाशी होता, वीस-बावीस वर्षांचा. बंदरावर नीट हिंदी बोलणारा मी, म्हणून त्याच्या घरी फोन करायला मलाच सांगितले. पलीकडे त्याची आई होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. ती तीन-चार वेळा, "कौन बोल रहा है ?" असे विचारीत राहिली, तेवढे आठवते.

काकांनी तेव्हापासून स्वतःची होडी केली नाही. ते दुसऱ्याच्या बोटीवर जातात. लोक त्यांना हट्टी म्हणत आणि मीही मनात तेच म्हणत असे. सूचना मिळाली होती ना ? मग का नाही फिरले ? जटलंडची ती रात्र वाचेपर्यंत माझे हेच मत होते. जेलिको यांच्या हाताखाली दीडशे जहाजे होती, मागे सगळे साम्राज्य होते. दोन बातम्या खोट्या निघाल्यावर तिसरी खरी बातमी त्यांनीही बाजूला ठेवली. माझ्या काकांच्या हाताखाली पाच खलाशी होते आणि कर्जाचे हप्ते होते. ज्या चुकीला इतिहासाची पुस्तके विश्वासाचा अभाव म्हणून समजून घेतात, तिला आम्ही बंदरावर हट्ट म्हणून मोकळे झालो. काकांची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. होडीवर तांडेल तेच होते. पण ती चूक त्यांच्या एकट्याची नव्हती, एवढे मला आता दिसते.

बंदर आणि नौदल यांचा संबंध तर आज प्रत्यक्षच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी 'कुबेर' ही पळवलेली मासेमारी बोट वापरून मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून बधवार पार्कच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हा, तुम्ही कोण, असे त्यांना पहिल्यांदा हटकले ते तेथल्या मच्छीमारांनीच. २००९ साली समुद्री सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे देण्यात आली. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, होड्यांची नोंदणी कडक झाली, आणि तुम्ही आमचे डोळे आणि कान आहात, असे आम्हाला सांगण्यात येऊ लागले. ही गोष्ट अभिमानाची आहे. माझे म्हणणे एवढेच की, डोळ्यांकडून बातमी जशी आत जाते तशी ती बाहेर, होडीपर्यंतही आली पाहिजे, आणि पुरती आली पाहिजे.

गेल्या मे महिन्यात सुट्टीत अंगणात जाळी दुरुस्त करीत बसलो असता मी काकांना जटलंडची गोष्ट सांगितली. त्यांनी मध्ये एकही शब्द काढला नाही. शेवटी विचारले, "मग पुढं त्या लोकांनी काय केलं ?" मी सांगितले, जाणणाऱ्यांना बोलायचा अधिकार दिला. काकांनी मान हलवली आणि सुतळीला गाठ मारली.

हल्ली हवामानाची सूचना मोबाइलवर येते. ती इंग्रजीत किंवा हिंदीत असली की वडील मला फोन करून वाचायला लावतात. पूर्वी मी, "वादळ आहे, जाऊ नका," एवढेच सांगत असे. आता सगळी वाचतो : केंद्र कोठे, कोणत्या दिशेने, केव्हा, वाऱ्याचा वेग किती. ज्या गोष्टी सूचनेत नसतात त्या नाहीत म्हणूनही सांगतो. परवा वडील म्हणाले, "आधी खात्री किती आहे ते सांगत जा, मग बाकीचं."

सरांच्या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नाही.